रहीमसाबांचा मुलगा

२६ ऑगस्ट १९६० रोजी इटलीतल्या लाक्विला या डोंगराळ भागातल्या गावात भारताचा फुटबॉल संघ रोम ऑलिंपिकमधला आपला पहिला सामना हंगेरीशी खेळला. कप्तान प्रदीपकुमार बॅनर्जी. पुढच्या फळीत चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम, गोलात उंचापुरा पीटर तंगराज. बलरामने एक गोल केला, पण सामना १-२ असा गेला. तीन दिवसांनी ग्रोसेतोला फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली. सामना संपायला जेमतेम आठ-दहा मिनिटं उरलेली असताना फ्रान्सने बरोबरी साधली, नाहीतर तो दिवस आपलाच होता. १ सप्टेंबरला पुन्हा लाक्विलातच पेरूने ३-१ ने हरवलं आणि संघ घरी परतला.

त्या संघाबरोबर एकवीस वर्षांचा एक हाफबॅक गेला होता. सय्यद शाहिद हकीम. तिन्ही सामने त्याने बाहेर बसून पाहिले. त्याला बसवून ठेवणारे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, आणि ते त्याचे सख्खे वडील होते.

दोन वर्षांनी, १९६२ च्या ऑगस्टमध्ये, जाकार्ताच्या आशियाई खेळांसाठी संघ निघाला तेव्हा तर हकीमचं नाव यादीतही नव्हतं. तो संघ सुवर्णपदक घेऊन आला. भारतीय पुरुषांच्या फुटबॉलला आशियाई खेळांत त्यानंतर सुवर्ण मिळालेलं नाही.

जालन्याच्या माणसाने हे का लिहावं? आमच्याकडे खेळ म्हटलं की आधी कुस्ती, नंतर क्रिकेट. विजय झोलने कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि पुढे २०१४ च्या विश्वचषकात तो १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचा कप्तान झाला, तेव्हापासून तर गल्लोगल्ली बॅटच दिसते. फुटबॉलचं नाव निघतं ते चार वर्षांतून एकदा, तेही मेस्सी की रोनाल्डो एवढ्यापुरतं. पण रहीमसाब आमचे परके नव्हेत. ते हैदराबादचे, आणि १९५६ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होतं, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका म्हणून. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. १९५६ आधीच्या दोन-तीन पिढ्यांची राजधानी मुंबई नव्हती, पुणेही नव्हतं. कोर्टकचेरी, वरचं शिक्षण, मोठं इस्पितळ, सरकारी नोकरीची खटपट या सगळ्यासाठी मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीत बसायचं आणि काचीगुड्याला उतरायचं. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकून आलेले वकील आणि मास्तर मराठवाड्याच्या गावोगावी होते. रहीमसाबही उस्मानियाचेच, पेशाने शाळामास्तर, आणि ज्या शाळांत त्यांनी शिकवलं त्यांतली एक काचीगुड्याचीच. आमच्या आजोबांच्या पिढीतला एखादा विद्यार्थी गाडीतून उतरून ट्रंक सांभाळत चालला असेल, तेव्हा शेजारच्या मैदानात शिट्टी वाजवणारे हे मास्तर त्याला दिसलेही असतील. दिसले असले, तरी तो थांबला नसणार.

न थांबण्याचं कारणही होतं. रहीमसाबांनी १९४३ च्या सुमारास हैदराबाद फुटबॉल संघटनेचं काम हाती घेतलं आणि ज्या संघाच्या जोरावर नाव कमावलं, तो संघ होता हैदराबाद सिटी पोलिसांचा. निझामाच्या पोलिसांची मराठवाड्यातली आठवण काही गोड नाही. १९४७-४८ ची ती तेरा महिन्यांची धास्ती, रझाकार, गाव सोडून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेली माणसं, आणि मग सप्टेंबर १९४८ चं पोलीस ॲक्शन. ज्यांनी ते भोगलं, त्यांनी पोलिसांच्या फुटबॉल संघासाठी टाळ्या वाजवल्या नसतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण इतिहासाची गंमत अशी की पोलीस ॲक्शननंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हाच संघ मुंबईच्या रोव्हर्स कपात जिंकला आणि तेव्हापासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षं तो कप हैदराबादला जात राहिला. कलकत्त्याचे बलाढ्य संघ कूपरेजच्या मैदानात येत आणि हात हलवत परत जात. ड्युरँड कपही पोलिसांनी एकाहून अधिक वेळा नेला. भारताच्या संघाची सूत्रं रहीमसाबांकडे आली ती याच काळात, १९५० मध्ये.

मग आला १९५६. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात, गुलबर्गा-बीदर-रायचूर म्हैसूरकडे, आणि मराठवाडा मुंबई राज्यात. आदल्या रात्री झोपताना हैदराबादी असलेला जालनेकर सकाळी मुंबईकर होऊन उठला. त्याच १९५६-५७ च्या मोसमात संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले हैदराबाद आणि मुंबई. पहिला सामना १-१, पुन्हा खेळवलेला सामना हैदराबादने ४-१ असा जिंकला. पुढच्या वर्षी परत तेच दोन संघ, परत हैदराबाद, ३-१. जालन्यात त्या दिवशी कोणी कोणाच्या बाजूने होतं का, हे शोधण्यात अर्थ नाही. इथे सगळ्यांचं लक्ष द्विभाषिक राज्य मोडून संयुक्त महाराष्ट्र कधी होतो इकडे होतं. पण नकाशावरची रेघ हलली की आपला संघ कोणता, हा प्रश्नही हलतो, एवढं या दोन सामन्यांवरून दिसतं.

रहीमसाबांची शिकवण मास्तराचीच होती. पोरांच्या स्पर्धा ते अशा भरवत की चेंडू पायात घोळवत नेण्याला बंदी. आला की द्यायचा, दिला की पळायचं. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायानेच मारायचं. कलकत्त्याच्या प्रेक्षकाला एकट्याने चौघांना चकवणारा खेळाडू आवडे. रहीमसाबांना तो चैनीचा प्रकार वाटे. १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत इराणला १-० हरवून सुवर्ण मिळालं, पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दहा गोल घातले आणि अनवाणी खेळण्याचा आपला अभिमान तिथेच उतरला. रहीमसाबांनी त्या पराभवातूनच धडा घेतला. युरोपात नवीन काय चाललंय ते पाहायचं, विशेषतः हंगेरीचं, आणि इथे आणून लावायचं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं तेव्हा तीन गोल नेव्हिल डिसूझाचे होते, मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा पोरगा.

बलरामची गोष्ट इथे सांगायला हवी. सिकंदराबादजवळच्या एका खेड्यातला हा गरीब घरचा मुलगा रहीमसाबांच्या नजरेत भरला. सरावाला शहरात यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाबांनी आपल्या खिशातून दिले, असं बलराम पुढे आयुष्यभर सांगत राहिले. परक्याच्या पोराला सायकल, आणि स्वतःच्या पोराला रोममध्ये बाकडं! गोष्ट सांगणाऱ्याला याहून सोयीचं वाक्य मिळणार नाही. म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने बघायला पाहिजे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमित शर्मा यांचा ‘मैदान’ आला आणि अजय देवगणच्या चेहऱ्याने रहीमसाब घरोघरी पोचले. गांधी चमनजवळच्या टपरीवर आमच्यात त्यावरून बराच वाद झाला. एका गटाचं म्हणणं, बाप असावा तर असा. मुलगा आहे म्हणून कानाडोळा नाही, उलट इतरांपेक्षा कडक माप. दुसरा गट चिडलेला. मुलगा लायक नव्हता तर रोमला नेलाच कशाला, आणि लायक होता तर खेळवला का नाही? बापाच्या नावलौकिकासाठी पोराने का झिजायचं? आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी तर स्वतःच्या अनुभवाने निकाल दिला: मुलगा आपल्याच वर्गात असला की त्याला दोन मार्क कमीच पडतात, आणि त्याला ते जन्मभर ठाऊक असतं.

हा वाद टपरीचा असला तरी जगभर तोच चालतो. १९९८ च्या विश्वचषकात इटलीचे प्रशिक्षक चेझारे माल्दिनी आणि कप्तान त्यांचा मुलगा पावलो. तिथे कोणी फार बोललं नाही, कारण पावलो माल्दिनी हा जगातला उत्तम बचावपटू आहे हे शत्रूही मान्य करत. २००६ मध्ये क्रोएशियाचे झ्लात्को क्रान्यचार मुलगा निको याला घेऊन जर्मनीला गेले. त्याच विश्वचषकात सर्बिया-माँटेनेग्रोच्या इलिया पेटकोविच यांनी एक खेळाडू जखमी झाल्यावर त्याच्या जागी आपल्या मुलाला, दुशानला, बोलावलं. देशात एवढा गदारोळ उठला की मुलाने स्वतःच माघार घेतली. २०१० मध्ये अमेरिकेचे बॉब ब्रॅडली आणि मधल्या फळीतला त्यांचा मुलगा मायकेल यांच्यावरून तिथल्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. आपल्याकडे क्रिकेटमध्ये रॉजर बिन्नी निवड समितीवर असताना स्टुअर्ट भारतासाठी खेळला. मुलाचं नाव चर्चेला आलं की आपण खोलीबाहेर जातो, असं रॉजर सांगत. त्याच स्टुअर्टने २०१४ मध्ये ढाक्याला चार धावांत सहा बळी घेतले, तरी ‘बिन्नीचा पोरगा’ ही चिकटपट्टी काही निघाली नाही.

या सगळ्यांत रहीमसाबांचा मामला उलटा आहे. तिथे आरोप होता की मुलाला पुढे ढकलतायत. इथे मुलगा मागेच राहिला. पण जी कथा आज सांगितली जाते, बापाने न्यायासाठी पोटच्या पोराचा बळी दिला, ती मला पटत नाही. आणि न पटण्याचं कारण फुटबॉलमध्येच आहे.

एक तर १९६० मध्ये बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. आज पाच-पाच जण बदलता येतात, शेवटची दहा मिनिटं का होईना, पोराला मैदानात उतरवता येतं. तेव्हा शिट्टी वाजली की जे अकरा आत, तेच शेवटपर्यंत. कोणाचा पाय मोडला तर दहाजणांनी खेळायचं. रोमला गेलेल्या राखीव खेळाडूंपैकी जो पहिल्या अकरांत नव्हता, त्याला बाकड्यावरच बसावं लागणार होतं, मग तो कोणाचाही मुलगा असो. हाफबॅकच्या दोन जागांसाठी केंपय्या आणि राम बहादूर हे दोघे होते, दोघेही मुरलेले. राम बहादूरची दमछाक होत नसे आणि तो चेंडू सोडत नसे. त्यांना काढून एकवीस वर्षांच्या मुलाला घालायला कोणताही शहाणा प्रशिक्षक धजावला नसता.

दुसरं म्हणजे फॉर्च्युनाटो फ्रँको. या कथेत त्याचं नाव कोणी घेत नाही, त्याची मला जास्त चुटपुट लागते. फ्रँको १९३७ चा, जन्म गोव्यातल्या कोलवाळचा, लहानपणीच मुंबईत आलेला, हाफबॅक. रोमच्या संघात तोही होता आणि हकीमसारखाच तोही तिन्ही सामने बाहेर बसला. एकाच बाकड्यावर दोन हाफबॅक: एक प्रशिक्षकाचा मुलगा, दुसरा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यातून आलेल्या घरचा. फ्रँकोला ना हैदराबादचा आधार, ना कलकत्त्याचा. दोन वर्षांनी जाकार्ताला निघालेल्या यादीत फ्रँको होता आणि हकीम नव्हता. आणि ४ सप्टेंबर १९६२ च्या अंतिम सामन्यात प्रशांत सिन्हाच्या जोडीला फ्रँको मैदानात होता.

आता ‘बापाने मुलाचा त्याग केला’ म्हटलं, की फ्रँकोला ती जागा दान मिळाली असं होतं. तसं नव्हतं. त्याने ती खेळून मिळवली. हकीम वाईट नव्हता. संघात थोडक्यात हुकला, असंच त्या काळातले सगळे सांगतात. पण थोडक्यात हुकलेले त्या वर्षी आणखीही असणार, त्यांच्यावर सिनेमा निघत नाही कारण त्यांचे वडील कोणी नव्हते. मुलगा आहे म्हणून घेणं हा जसा अन्याय, तसंच मुलगा वगळला गेला म्हणून ज्याने त्याच्यापेक्षा बरं खेळून जागा घेतली त्याला विसरणं, हाही अन्यायच.

अर्थात रहीमसाबांना जगाचं तोंड ठाऊक नसेल असं नाही. १९५६ च्या संघात हैदराबादी नावांचा भरणा होता. कलकत्ता आणि हैदराबाद यांच्यात देशाच्या फुटबॉलवरून ओढाताण होती, आणि कलकत्त्याच्या मैदानाला आपल्या शहराबाहेर फुटबॉल आहे हे मान्य करायला नेहमीच जड गेलं. अशा हवेत प्रशिक्षकाचा मुलगा यादीत असता आणि संघ हरला असता तर काय झालं असतं हे सांगायला नको. दोन सारखेच खेळाडू समोर असताना मनात पारडं किती हललं, हे रहीमसाबांशिवाय कोणाला कळणार? माझा अंदाज, फार हललं नाही. ज्या माणसाने चांगल्या पायाने मारायला बंदी घालून पोरांना घडवलं, त्याचा कडकपणा घरच्यासाठी वेगळा असण्याचं कारण दिसत नाही.

जाकार्ताची गोष्ट आता बऱ्यापैकी माहीत झालीय, म्हणून थोडक्यात. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला खेळांत येऊ दिलं नाही, त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली आणि जाकार्ता भारतीयांवर उसळलं. वकिलातीवर जमाव चालून गेला. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाशी ०-२ हरला. मग थायलंडला ४-१, जपानला २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२. अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया, आणि लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडणारे. आपल्या बाजूने ओरडत होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू. जर्नैलसिंग मूळचा बचावपटू; डोक्याला टाके पडलेले असताना रहीमसाबांनी त्याला पुढच्या फळीत खेळवलं. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमारचा गोल, विसाव्याला जर्नैलचा. कोरियाने शेवटी एक फेडला, २-१.

हा विजय साजरा व्हायलाही फुरसत मिळाली नाही. २० ऑक्टोबरला चिनी सैन्य सरहद्द ओलांडून आलं आणि देशाचं लक्ष दुसरीकडे गेलं. रहीमसाब तेव्हा कर्करोगाने पोखरले गेले होते. ११ जून १९६३ ला ते गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. पुढल्या आशियाई खेळांपर्यंत ते जगले असते तर हकीमला संधी मिळाली असती का, या प्रश्नावर टपरीवर आणखी एक चहा झाला, पण उत्तर निघालं नाही.

हकीमसाबांचं आयुष्य मात्र तिथे संपलं नाही, आणि ते फक्त ‘वगळलेला मुलगा’ म्हणून ओळखले जावेत हे मला खटकतं. ते हवाई दलात गेले, स्क्वाड्रन लीडर झाले, सेनादलांच्या संघातून वर्षानुवर्षं खेळले. नंतर फिफाचे पंच झाले. घरातच निवाड्याची झळ बसलेल्या माणसाने पुढे शिट्टीच हातात घ्यावी, यात मला मौज वाटते. १९८८ च्या कतारमधल्या आशिया कपात त्यांनी पंचगिरी केली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत भारतीय संघाचे ते सहायक प्रशिक्षक होते, आणि मुख्य प्रशिक्षक कोण, तर प्रदीपकुमार बॅनर्जी, ज्यांच्या कप्तानीखाली ते रोममध्ये बाकड्यावर बसले होते. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. प्रशिक्षक म्हणून मैदानावरचा त्यांचा हिशेबही पुरेसा बोलका आहे, त्याकडे येतोच.

२०२१ हे वर्ष त्या बाकड्यावरच्या दोघांनाही घेऊन गेलं. मे महिन्यात फ्रँको गोव्यात गेले. २२ ऑगस्टला हकीमसाब गुलबर्ग्याला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. गुलबर्गाही आमच्यासारखंच जुन्या हैदराबाद राज्यातलं, १९५६ ला दुसऱ्या राज्यात गेलेलं शहर. बातम्यांत हकीमसाबांच्या नावाआधी बहुतेक ठिकाणी वडिलांचं नाव होतं.

आणि तो मैदानावरचा हिशेब. निवृत्तीनंतर हकीमसाबांनी जे संघ हाताळले त्यांत मुंबईचा महिंद्र अँड महिंद्र होता. १९९८ च्या ड्युरँड कपात अंतिम फेरीत समोर होता कलकत्त्याचा ईस्ट बंगाल, नावाजलेल्या खेळाडूंनी भरलेला. वडिलांचा हैदराबाद पोलीस संघ याच कलकत्त्याच्या संघांना कूपरेजवरून रिकाम्या हाताने पाठवत असे. मुलाच्या मुंबईकर संघाने ईस्ट बंगालला हरवून ड्युरँड कप नेला, आणि त्या संघात कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं, हे ठरवणारे हकीमसाब होते.